धुंडिराज धनेशाचा परदेश

एका जंगलात, बरं का बाळांनो, धुंडिराज नावाचा धनेश पक्षी राहत होता. चोच केवढी मोठी! आणि त्याची कंपनी त्या चोचीतच. कुठल्या रानात कुठलं उंबर पिकलं, याची खबर तो गिऱ्हाइकांना पुरवायचा. पोपट निरोप आणायचे, पोपटच उत्तरं न्यायचे. गिऱ्हाइकांनी त्याला कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"मी कुठेही बसून धंदा करू शकतो," तो म्हणायचा. "मग इथेच कशाला बसू?"

त्याची बायको वेणू. धनेशाच्या मादीचं एक कडक व्रत असतं, मुलांनो. अंडी घालायची वेळ आली की ती झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलाने लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नवऱ्याने त्या फटीतून भरवायचं. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर यायचं नाही. आपण उपासाला निदान साबुदाण्याची खिचडी तरी हिंडून-फिरून खातो!

वेणूची वेळ जवळ आली, आणि नेमका तेव्हाच परदेशातून परीट पक्षी आला. हा रेसिडेन्सीचा, म्हणजे परदेशात राहायचा परवाना मिळवून देणारा सल्लागार. बोलताना शेपटी सारखी वर-खाली.

"साहेब, एक बेट आहे. तिथला राजा फळांत वाटा मागतच नाही."

"तिथे ढोली आहे का हो, भाऊजी?" वेणूने विचारलं.

"वहिनी, तिथे झाडंच नाहीत. पण सवलत बघा ना! नाहीतर दलदलीचा देश घ्या. कायमचं राहता येतं."

"अट काय?" धुंडिराजाने विचारलं.

"बगळ्यांसारखं एका पायावर उभं राहायचं. बर्फाच्या जंगलात तेही नको. तिथे फक्त त्यांच्या भाषेत शीळ घालून दाखवायची."

धुंडिराजाने लगेच घालून पाहिली. शेजारच्या झाडावरचं घुबड दचकून खाली पडलं.

"अहो, आधी ढोलीचं बघा," वेणू म्हणाली.

"अगं, मी फाउंडर आहे. मी भविष्याचं बोलतोय."

"मीही त्याचंच बोलतेय. फक्त माझं थांबत नाही."

शेवटी तिघंही देश बघायला निघाले. वाटेत नदी लागली. नदीच्या मधोमध खडकावर एक जुनं बेहड्याचं झाड. अलीकडे एका राजाचं जंगल, पलीकडे दुसऱ्याचं. तिथे विसाव्याला बसले, आणि चर्चा पुन्हा सुरू झाली.

"अहो, जरा ओला चिखल देता का?" वेणूने हाक मारली.

"हं," म्हणत धुंडिराजाने चोचभर चिखल आणून दिला. डोकं बेटात. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा चिखल. मग आणखी.

संध्याकाळी त्याने पंख झटकले. "ठरलं! बेटच! चल, वेणू!"

वेणू कुठे? त्याच बेहड्याच्या ढोलीचं दार छान लिंपलेलं. फटीतून चोचीचं टोक तेवढं बाहेर.

"अगं, हे काय केलंस?"

"मी एकटीने कुठे? चिखल तुम्हीच आणलात."

"हे झाड कुठल्या देशात येतं, ते तरी पाहिलंस?"

"आतून सगळे देश सारखेच काळे दिसतात हो. उंबरं आणता ना?"

परीट पक्ष्याची शेपटी जोरात हलली. "साहेब, राजाला आत्ताच तोंड दाखवायला हवं. नाहीतर बेट गेलं. वहिनींचं काय, करतील चार दिवस उपास. सवय असेलच."

धुंडिराज उडाला. वेणूला फटीतून त्याची शेपटी दिसली, मग तीही दिसेना. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

बऱ्याच वेळाने फटीशी खुट्ट झालं. ओळखीची चोच आत आली. चोचीत पिकलेलं उंबर.

"आणि बेट?"

"आधी खा."

धंद्याचं म्हणाल, तर पोपटांनी ते झाडही शोधून काढलं. दोन्ही राजांचे कावळे वाटा मागायला आले. पण झाड कोणाचं, यावरून त्यांची जी जुंपली ती अजून चालू आहे. वाटा तेवढा राहून गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर दार फुटलं. एक पिल्लू धडपडत बाहेर आलं.

"बाबा, आपण कुठले?"

धुंडिराजाने अलीकडे पाहिलं, पलीकडे पाहिलं.

"अजून ठरवतोय, बाळा."

तात्पर्य: परदेश निवडताना घाई करू नये. सल्लागार गाठावा, सगळ्या देशांची तुलना करावी, भरपूर चर्चा करावी. तेवढ्या वेळात घरातल्या बाईचं घर लिंपून होतं.