गुणवंतभाऊंच्या लेकी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षराचं तर बोलायलाच नको. कोंबडीनं शाईत पाय बुडवून अंगणभर फिरावं तसं ते आहे. ही वही मला कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणाच्या हाती पडलीच, तर त्यांनी आधी मला माफ करावं आणि मग गुणवंतभाऊंबद्दल वाचावं.

गुणवंतभाऊ माणसांचा वास घेतात.

खरोखरच घेतात. मुकुटबनच्या रस्त्याला आमच्या गावात सोसायटीचं बंद पडलेलं गोदाम होतं. तिथं त्यांची प्रयोगशाळा आहे. सकाळी ते पायरीवर उभे राहतात आणि येणाऱ्याला म्हणतात, "हात दाखवा." नवीन माणसाला वाटतं, भविष्य पाहतात. तो तळहात पुढे करतो. भाऊ वाकून हात हुंगतात, मग खांद्याजवळ नाक नेतात आणि निकाल सांगतात. पास, नाही तर नापास. सेंट, पावडर, वासाचं तेल, तंबाखू, डासांचं मलम, सगळे नापास.

एकदा तालुक्याहून एक साहेब पाहणीला आले. शर्टावर सेंट मारलेला. भाऊंनी वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, पण ती खिडकीच्या बाहेर मांडली. साहेबांनी सगळी पाहणी खिडकीतून केली. निघताना भाऊ म्हणाले, "साहेब, राग मानू नोका. पुढच्या टायमाले नुसती आंघोळ करून या."

मीसुद्धा पहिल्या दिवशी नापास झाले. तोवर मी कापूस वेचायला, निंदायला जात होते. प्रयोगशाळेत जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसले आणि केसांना चमेलीचं तेल लावलं. भाऊंनी लांबूनच हात वर केला.

"विमलबाई, लग्नाले चालल्या काय?"

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी मान हलवली.

"मंग घरी जा. शिकेकाईनं डोक्सं धुवा. उद्या या."

मी रस्ताभर रडले. घरी मालकांना सांगितलं, तर ते जेवता जेवता हसायला लागले. "घाण वास येते म्हणून हाकललेली बाई पाह्यली होती. चांगला वास येते म्हणून हाकललेली पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी पास झाले आणि आत काय चालतं ते पाहिलं. आत किडे पोसतात. अख्खं गाव भाऊंना हसायचं ते यासाठीच. सारं जग किडे मारतं, आणि हा माणूस त्यांना ज्वारी भरडून घालतो.

घरी ज्वारीला जाळं लागलं की आम्ही ती उन्हात पसरतो. इथं टोपलीतल्या ज्वारीला जाळं लागलं नाही तर भाऊंना जेवण जात नाही. त्या ज्वारीत तांदळाचे पतंग वाढतात. पतंगांनी अंडी घातली की ती चाळायची आणि गोंद लावलेल्या कागदावर खसखशीसारखी भुरभुरायची. मग तो कागद बरणीत ठेवून आत माशा सोडायच्या. माशी म्हणजे घरातली नव्हे. ही इतकी लहान, की मी आत्ता इथं टिंब दिलं त्यावर ती आरामात झोपेल. ती पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. चार दिवसांनी कागद काळा पडला की समजायचं, आत माशीचं लेकरू वाढतंय. त्या कागदाला कार्ड म्हणतात. कपाशीच्या पानाखाली कार्ड टाचलं की माशा निघतात, बोंडअळीची अंडी हुडकतात आणि तिथंही तेच करतात. अळी जन्मालाच येत नाही. विषाचा एक थेंब लागत नाही. मात्र कुणी फवारा मारला, धूर केला, उग्र वास नेला, तर या माशा पटकन मरतात. म्हणून ते हुंगणं.

पतंगांना भाऊ मावश्या म्हणतात. दुसऱ्याची लेकरं वाढवतात म्हणून. आणि माशा त्यांच्या लेकी. कार्डं शेतात गेली, की "आज पाठवणी झाली" असं म्हणतात. लेकी कुणाच्याही घरी जात नाहीत. कार्ड मागायला येणाऱ्याची आधी चौकशी होते. नामदेव म्हणून आमच्याच गावचा एक शेतकरी आहे, त्याची झाली ती मी चाळणी हातात धरून ऐकली होती.

"फवारा मारला काय?"

"नाही भाऊ."

"हात दाखवा." भाऊंनी हुंगलं. "परवा मारला."

"चार ओळीच मारल्या जी."

"चार ओळी इख पाजणाऱ्या घरात पोरगी देऊ काय? पंधरा दिवसांनं या."

"भाऊ, मी कार्ड मांगाले आलो, का सोयरीक जोडाले?"

"एकच हाय ते."

नामदेव पंधरा दिवस थांबला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कार्ड मिळालं. गाडी सुरू करेपर्यंत भाऊ त्याच्या मागेच. "खिशात ठेवू नोका, घाम लागते. गड्ड्यातून हळू न्या." मोटारसायकल वळणाआड गेली तरी ते रस्त्यावर उभे. समोरून वणीकडचे कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. एरवी धूळ दिसली की भाऊ खिडक्यांना लावलेली ओली पोती तपासायला धावतात. तेव्हा ते हललेही नाहीत.

भाऊंना बायको नाही, लेकरू नाही. भाऊंचं घर म्हणजे गोदामाच्या मागची खोली, एक बाज आणि एक स्टोव्ह. पण कुणी विचारलं तर सांगतात, "घरात जागा नाही बापा, लेकी फार."

आता माझी चूक सांगते.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, पांभर, सगळ्यांना हळदकुंकू लावतात. मी विचार केला, आपली आताची हत्यारं तर चाळणी आणि बरण्या. त्यांना कुणी पुजायचं? भाऊ कामासाठी पांढरकवड्याला गेले होते आणि किल्ली माझ्याकडे होती. मी स्वच्छ आंघोळ केली, तेल लावलं नाही, स्वतःचे हात स्वतः हुंगून पाहिले. आत जाऊन बरण्यांना झेंडूची फुलं वाहिली, चाळणीला कुंकू लावलं. नंतर उदबत्त्यांचा पुडाच लावला आणि वाटीत ऊदही जाळला. भाऊंची शिकवण मनात पक्की होती की दार-खिडक्या बंद ठेवायच्या. त्या नीट बंद केल्या, हात जोडले आणि समाधानानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी दार उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. बरण्यांच्या तळाशी काळी राख पडल्यासारख्या माशा पडल्या होत्या. एकही हलत नव्हती. सगळी कार्डं आधीच शेतांवर गेली होती. फ्रिजमध्ये कार्डाची एक राखीव पट्टीही उरली नव्हती. बियाणंच संपलं होतं. बाहेर कपाशीला बोंडं लागलेली, आणि पुढच्या पंधरवड्याची कार्डं लोकांनी सांगून ठेवलेली. ती दिली नाहीत, तर लोक परत औषधाच्या दुकानाकडे वळणार आणि गोदामाला परत कुलूप लागणार, हे मलाही कळत होतं.

भाऊंनी कुंकू लावलेली चाळणी पाहिली, फुलं पाहिली, वाटीतली राख हुंगली. मी भिंतीला टेकून उभी होते. रडूही येईना.

"पूजा चांगली केली," ते म्हणाले. "आता चला."

"कुठं जी?"

"लेकीले माहेरी आणाले."

सगळ्यांत शेवटचं कार्ड नामदेवला दिलं होतं, त्याला तीनच दिवस झाले होते. म्हणजे माशा अजून निघाल्या नसणार. आम्ही त्याच्या शेतावर गेलो. भाऊ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चपला काढून हात जोडून उभे राहिले. नामदेवनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता हा बदला घेणार, आणि त्यानं घेतलाच.

"हात दाखवा," तो म्हणाला.

भाऊंनी निमूटपणे हात पुढे केले. नामदेव वाकला, त्यानं हुंगले. "उदाचा वास येऊन राह्यला. धूर करणाऱ्या घरी पोरगी कशी पाठवू?"

भाऊ खाली पाहत राहिले. मग नामदेवलाच हसू आलं. "न्या भाऊ. पण दिवाळीपर्यंत धाडून द्या." त्यानं पानाखालची अर्धी पट्टी स्वतः काढून दिली. ती मी ओंजळीत धरून आणली. अर्धा कोस चालायला आम्हाला दीड तास लागला, कारण भाऊ दर दहा पावलांनी म्हणायचे, "विमलबाई, श्वास दुसरीकडे सोडा."

त्या अर्ध्या पट्टीतून सगळं परत उभं राहिलं. पहिल्या खेपेची अर्धी मागणी पुरली, पुढच्या खेपेला सगळी. दिवाळीला नामदेवला दोन कार्डं गेली. भाऊ म्हणाले, एक लेक, एक करवली.

मी भाऊंना म्हटलं होतं, नुकसान मी भरून देते. कामावरच्या बायकांना वाटलं ते नको म्हणतील. भाऊ म्हणाले, "बरं. चार हजार. दर शनिवारी शंभर." बायकांनी बोटं मोडली. गरीब बाईकडून पैसे घेतो, मेला कंजूष, म्हणाल्या. मलाही थोडं लागलं. दर शनिवारी मी नोट द्यायची. भाऊ ती हुंगायचे. मी पैसे हळदीच्या डब्यात ठेवते, म्हणून नोट नापास व्हायची. मग ते तिला चिमटा लावून बाहेरच्या तारेवर वाळत घालायचे. वास उडाला की संध्याकाळी आत घ्यायचे. शनिवारी तारेवर नोट दिसली की ट्रकवाले गाडी हळू करायचे.

या वर्षात बरंच झालं. गोदामाचा दुसरा अर्धा भाग मिळाला. तिथं बियाण्याला लावायच्या बुरशीची भुकटी होते. वणीच्या कॉलेजातून बायोटेक शिकलेली प्रणाली कामाला आली. तिनं माशीचं पूर्ण इंग्रजी नाव सांगितलं, तेव्हा भाऊ म्हणाले, "एवढं मोठं नाव ठेवशीन तर लेकरू दबून मरन." पण तिनं भिंगातून मला माशीचे पंख दाखवले, आणि मी तिला अंडी चाळताना मनगट कसं सैल ठेवायचं ते दाखवलं. आमची कार्डं आता महागावपर्यंत जातात. वणीजवळ एक मोठी प्रयोगशाळा निघाली आहे, तिथं बाटलीत केळीची रोपं वाढवतात. त्यांची जीप आमच्याकडे हाताला वळण असलेल्या बाया शोधत आली. भाऊंनी त्या जीपवाल्याला तासभर पायरीवर उभं ठेवून विचारलं. बायांना बसायला स्टूल आहे का, संडास आहे का, घरी यायला गाडी आहे का. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, कुठल्या तरी कार्डाचीच चौकशी चालली आहे.

काल शेवटचा शनिवार होता. मी नोट दिली. भाऊंनी हुंगली, तारेला लावली आणि तिच्याखालीच बसले.

"वणीवाल्याईले तुमचं नाव मीच देल्लं," ते म्हणाले. "पगार दीडपट हाय. सोमवारी गाडी येते."

त्यांनी खालचा एक खडा उचलून दुसरीकडे ठेवला.

"मी शहरातल्या एका मोठ्या लॅबमधी शिपाई होतो, जवानीत. एक दिवस दार उघडं राह्यलं माह्याच्यानं. सारं खराब झालं. म्या म्हनलं, भरून देतो साहेब. ते म्हनले, तू काय भरून देशीन, उद्यापासून येऊ नोको. पैसे घेतले असते, तर मले उद्या येता आलं असतं." मग म्हणाले, "तुमी लाजेनं यायच्या बंद झाल्या असत्या. अन् देणं ठेवून गेल्या असत्या, तर लोक म्हनले असते, पळाली. आता तसं काही नाही."

मला खूप बोलायचं होतं. नेहमीप्रमाणे जीभ चिकटली. शेवटी एवढंच निघालं, "मावश्याईले ज्वारी कोण घालन?"

"प्रणाली घालते. बडबड करते, पण हात चांगला हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हात दाखवा."

मी दाखवले. ते वाकले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

"पास," म्हणाले.

"दसऱ्याले येतो मी, भाऊ."

"या. लेक दसऱ्याले माहेरी येतेच. उदबत्ती तेवढी आणू नोका."

मग त्यांनी हिशेबाची वही पुढे केली आणि पेन माझ्या हातात दिला. चाळीस शनिवारांच्या चाळीस ओळी त्यांच्या अक्षरात होत्या. खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, पूर्ण फिटले. भाऊंनी वही लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं.

"वाचता येते," ते म्हणाले, आणि तारेवरची नोट हुंगायला उठले.