दुसऱ्याच्या दारातला मोहोर

थंडी सरत आली हे जव्हारमध्ये कुणाला काटेसावरीच्या लाल फुलांवरून कळतं, कुणाला सकाळी अंगावरची शाल नकोशी झाली की कळतं. आमच्या आळीला ते देवरामभाऊंच्या तोंडावरून कळतं. माघ लागला आणि गावात कुठेतरी पहिला आंबा मोहरला, की भाऊंचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं होतं. ते थेट आंबे संपेपर्यंत तसंच राहतं.

देवरामभाऊ आमचे शेजारी. मूळचे दाभोशाचे. सगळी नोकरी एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत माळी म्हणून केली आणि आता निवृत्त होऊन घराभोवतीच्या जागेत तेच करतात. घरात दोघंच, ते आणि यमुनावहिनी. मूलबाळ नाही. मी कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यापासून दोन घरांमधल्या कुंपणावर कोपर टेकून उभं राहणं, हेच माझं काम. त्यामुळे भाऊंबद्दल जे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माणसाच्या हाताला गुण असा, की कुंपणाला रोवलेल्या काठीलाही पालवी फुटावी. त्यांचा मोगरा, त्यांची अबोली, त्यांचे गुलाब! त्याच गुलाबाची फांदी त्यांनी मला दिली. त्यांच्याकडे तो गुलाब बशीएवढा फुलतो. माझ्याकडे त्याच फांदीला बटणाएवढं फूल येतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. बरं, मागितली तर फांदी लगेच देतात, त्यात कंजूषपणा नाही. पण नंतर आठ-आठ दिवसांनी येऊन बघतात, आणि आपलं रोप मरतुकडं दिसलं की काय समाधानाने घरी जातात! मला त्यांच्या गुलाबांचा हेवा वाटतो हे मी इथे कबूल करून टाकते. आजवर त्यांच्यासमोर केलेलं नाही.

एवढ्या गुणी माळ्याच्या दारात एक आंबा आहे, आणि तो मोहरत नाही. घर बांधलं त्या साली यमुनावहिनींनी माहेरच्या, जामसरच्या आंब्याची कोय लावली. झाड वाढलं, छपराच्या वर गेलं, पानं अशी हिरवीगार की लग्नसराईत सगळी आळी तोरणाला पानं मागायला येते. वीस वर्षं झाली. मोहोराची एक काडीसुद्धा नाही.

म्हणून माघ महिन्यात भाऊंची फेरी निघते. कानटोपी, हात मागे बांधलेले, मान वर. आळीतल्या प्रत्येक आंब्याखाली थांबायचं, मोहोर निरखायचा आणि निकाल द्यायचा. निकाल ठरलेला असतो.

"फुललाय. पण मनापासून नाय."

गुरुजींच्या दारचा आंबा एका वर्षी असा फुलला की पान दिसेना. भाऊ त्याच्याखाली बराच वेळ उभे राहिले. गुरुजी बिचारे चांगलं काही ऐकायला मिळेल म्हणून ओट्यावर आले. भाऊ म्हणाले, "एवढा फुलला म्हणजे घाबरून फुलला. मनापासून फुलणारा झाड थोडा थोडा फुलतो." गुरुजींच्या बायकोने दुसऱ्याच दिवशी फांदीला जुनी चप्पल बांधली, नजर लागू नये म्हणून. कुणाची नजर, ते सांगायची गरज नव्हती. भाऊंनी पुढच्या फेरीला त्या चपलेकडेही निरखून पाहिलं आणि म्हणाले, "चप्पल बरी हाय. मोहोर नाय."

एकदा कुणीतरी त्यांना सांगितलं, मोखाड्याच्या रस्त्याला एक आंबा आहे, बेवारशी, अजून थंडी आहे तरी नुसता पिवळा झालाय. भाऊंच्या जिवाला चैन पडेना. जीपमध्ये दाटीवाटीने बसून ते तो आंबा बघायला गेले. दुपारी परत आले ते तडक कुंपणाशी.

"बाई, त्याला धनी पण नाय! शेण नाय, पाणी नाय, कोण बघत पण नाय त्याच्याकडं. गाड्यांची धूळ खातो न फुलतो. जराशी लाज नाय झाडाला!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं यमुनावहिनींनी नंतर सांगितलं.

आणि आमचा आंबा? तो तर त्यांच्या डोळ्यांतच खुपतो. आमच्या आंब्याला मी कधी मूठभर खत घातलेलं नाही. पाणी म्हणाल तर पावसाचं तेवढंच. तरी दर माघात हा बहरतो. भाऊ आमच्या फाटकावरून जाताना छत्री उघडतात. माघ महिन्यात, कोरड्या आभाळाखाली छत्री! फाटक ओलांडलं की मिटतात. मला सुरुवातीला वाईट वाटायचं. मग आपल्या बटणाएवढ्या गुलाबाकडे बघितलं की वाटायचं, उघडू दे छत्री.

उपाय करून झाले नाहीत असं नाही. बुंध्याशी ताक ओतून झालं, मीठ घालून झालं, खोडात खिळे मारून झाले. पालापाचोळ्याचा धूर करून झाला. तो धूर आमच्या घरात शिरला आणि आमचे हे दोन दिवस खोकत होते. पण खरा उपाय कुणालाही ठाऊक आहे. थंडीत आंब्याचं पाणी तोडावं लागतं. झाडाला ताण बसला तर मोहोर येतो. हे मला कुणी शिकवलं? देवरामभाऊंनीच! मोगऱ्याला ते दर हिवाळ्यात महिनाभर पाण्याचा थेंब देत नाहीत, पान न् पान झडू देतात, मग छाटतात, आणि वसंतात तो मोगरा असा फुलतो की माझं पोट दुखायला लागतं. पण आंब्याला मात्र रोज संध्याकाळी दोन बादल्या.

मी एकदा विचारलं, "भाऊ, मोगऱ्याला ठेवता ना तहानलेला? मग ह्याला का नाही?"

"मोगरा बाजारचा हाय," ते म्हणाले. "हा घरचा. घरच्याला कोण तहानेला ठेवतो?"



यंदा मात्र प्रकरण हाताबाहेर गेलं. चहाच्या दुकानात कुणीतरी त्यांना छेडलं, "माळीबुवा, तुमचा आंबा कधी मोहरणार? आम्ही गेल्यावर?" दुकान भरलेलं होतं. भाऊ भडकले आणि सगळ्यांसमोर बोलून बसले, "होळीपर्यंत मोहोर दिसला नाय तर तोडून होळीलाच देतो!" आमच्याकडे होळी म्हणजे लहानसहान गोष्ट नाही. कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला घरी येतात, तेव्हा लाकूड भरपूर लागतं. दुसऱ्याच दिवशी होळीची लाकडं जमवणारे दोघं आले, खोडाला मिठी मारून जाडी बघून गेले आणि जाताना म्हणाले, "मस्त आहे."

भाऊंचा चेहरा त्या दिवसापासून उतरला. पळस फुलला, पांगारा फुलला, आमच्या मोहोरावर मधमाश्या घोंगावू लागल्या. त्यांच्या आंब्याला नुसती पालवी, तीसुद्धा तांबूस, तुकतुकीत. होळीला आठ दिवस उरले असतील, तेव्हा ते सकाळी कुंपणाशी आले. छत्री नव्हती.

"बाई, एक काम हाय. आमच्या गावाला नाय फळणाऱ्या झाडाला भेव दाखवतात. दोन माणसं लागतात. एकाने कुऱ्हाड घेऊन बोलायचं, तोडतो. दुसऱ्याने आडवा यायचं, नको तोडू, पुढल्या साली धरेल, मी जामीन हाय. असा तीन वेळा."

"मग वहिनींना घ्या की."

"ती नाय येणार. तुमी या. तुमचा आवाज मोठा, कचेरीत लोक घाबरायचे."

हा गौरव होता की काय ते मला अजून कळलेलं नाही. पण स्वेटर घालून मी गेले. हातात कुऱ्हाड घेतली. ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती. यमुनावहिनी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होत्या. आमच्याकडे बघत नव्हत्या.

पहिल्यांदा मी म्हटलं, "तोडते आता तुला!" भाऊ लगेच आडवे आले, "नको बाई, पुढल्या साली धरेल, मी जामीन." छान झालं. दुसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. तेव्हाही ते म्हणाले, पण जरा पुटपुटत. मला वाटलं, झाडाला भीती वाटायची तर आपण जोर लावला पाहिजे. तिसऱ्यांदा मी कुऱ्हाड खांद्याच्या वर नेली आणि कचेरीतल्या आवाजात ओरडले, "वीस वर्षं खाऊनपिऊन जागा अडवून बसलाय! फळ ना फूल! काय उपयोग ह्याचा ह्या घराला?"

सुपाचा आवाज थांबला.

भाऊंनी माझा हात मनगटापाशी धरला. घट्ट.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, म्हणा ना. पुढल्या साली धरेल."

"नाय म्हणत."

"अहो, तसं म्हणायचं असतं ना?"

"नाय धरला तर नाय धरला!" ते ओरडले. माझ्यावर नव्हे, आणि झाडावरही नव्हे. "कोणाचं काय खाल्लं त्यानं? उपयोग कशाला पाहिजे? माजी आई अशीच बोलायची हिला. दाभोशाला, अंगणात, सगळ्या लोकांसमोर. जागा अडवून बसली बोलायची. दुसरी बायको कर बोलायची. तेवा मी आईचा पण हात धरला न सांगितलं, मना पोर नको, ही पाहिजे. हिला बोलायचं नाय. न तिथून निघून जव्हारला आलो. आता तुमचं कसं ऐकून घेऊ?"

मला कुऱ्हाड खाली घ्यायचंही सुचेना. इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की हा माणूस मोहोरावर जळतो. मोहोर त्यातल्या त्यात बोलता येण्यासारखी गोष्ट होती, एवढंच. होळीला प्रत्येक घरात येणारी पोरं आणि नातवंडं ते दरवर्षी बघत होते, आणि त्यांच्याबद्दल 'मनापासून नाय' असं त्यांना म्हणता येत नव्हतं.

यमुनावहिनी उठल्या, पदराने हात पुसत अंगणात आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, पण त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाईंच्या हातातली कुऱ्हाड घ्या आदी," त्या म्हणाल्या. "पायावर पडेल त्यांच्या."

होळीवाल्यांना भाऊंनी त्याच सकाळी सांगून टाकलं, दुसरं लाकूड बघा. ते हसले. भाऊ म्हणाले, हसू दे.

मी घरी आले. आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. "कसला आरडाओरडा चालला होता?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, अगदी आईचा हात धरला तिथपर्यंत. "येडा आहे देवराम," ते म्हणाले आणि पान उलटलं. माझ्या सासूबाई मला काय काय बोलायच्या! नोकरी करते म्हणून, पोरांना सांभाळत नाही म्हणून, भाजीत मीठ कमी म्हणून. तेव्हाही हे असेच पेपर वाचत असायचे. मला दोन मुलगे झाले, दारात आंबा बहरतोय, आणि माझ्या वतीने आजवर कुणी कुणाचा हात धरलेला नाही.

हेव्याच्या बाबतीत इतकी वर्षं आळीत देवरामभाऊंचा पहिला नंबर होता. त्या सकाळी तो माझ्याकडे आला. गुलाबांचा हेवा तर काहीच नाही म्हणायचा. यमुनावहिनींचा मला जो हेवा वाटला, तसा आयुष्यात कुणाच्या साडीचा, सोन्याचा, कशाचाच वाटला नव्हता.

अंगणात मोहोराचा सडा पडला होता. झाडायला मी केरसुणी घेऊन बाहेर आले. कुंपणापलीकडे ती दोघं आंब्याखाली बसली होती आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होती. मी झाडायचं थांबवून कान दिला, पण एक शब्द ऐकू येईना. त्याचासुद्धा मला राग आला.