मॅनेजर काढणारे बापूराव

बापूराव हिवरकर फुटबॉलच्या सामन्याला येत आणि मैदानाकडे पाठ करून बसत. साइडलाइनला मॅनेजरसाठी एक लोखंडी खुर्ची असे. तिच्यासमोर हे गवतात मांडी ठोकणार आणि सगळा वेळ मॅनेजरचं तोंड न्याहाळत बसणार. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "खेळात काय पाहाचं आहे? गोल कोणावर झाला ते याच्या थोबाडावर दिसते ना."

जबलपूरच्या आमच्या कारखान्याचा संघ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, कारण चौथं डिव्हिजन नव्हतं. मी संघाचा सेक्रेटरी, म्हणजे चेंडूत हवा भरणारा. बापूराव कमिटीत होते आणि कुठल्याही आजारावर त्यांच्याकडे एकच औषध: "पहिले मॅनेजर काढा." हरलो, काढा. बरोबरी झाली, काढा. एकदा चुकून जिंकलो, तेव्हा म्हणाले, "आता याच्या डोक्यात हवा जाईन. काढा." सदर बाजारातल्या चहाच्या दुकानात बसून ते रेल्वेवाल्यांचे, पोस्टवाल्यांचे मॅनेजरही काढत आणि चहा संपायच्या आत नवे नेमत. घरी बायको नव्हती, मूल नव्हतं. एकट्या माणसाला संध्याकाळ फार मोठी असते, हे तेव्हा आमच्या टवाळ टोळक्याच्या लक्षात येत नसे.

त्यांनी घालवलेल्या मॅनेजरांत तिवारीजीही होते. दोघांची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. तिवारीजींचा गुन्हा एवढाच, की त्यांनी आपल्या मुलाला, महेशला, लेफ्ट विंगला खेळवलं. महेश जीव तोडून धावे आणि चेंडू थेट मैदानाबाहेर मारी. बापूराव भर मीटिंगमध्ये कडाडले, "टीम आहे का बारसं? घरचेच लोक बोलावून राहिले." तिवारीजी गेले, पाठोपाठ महेशचीही जागा गेली. थोड्याच दिवसांत पोरगा कारखाना सोडून फौजेत भरती झाला. संघात असता तर गेला असता का, कोणी सांगावं? बापूरावांना मात्र तो विचार आत कुठेतरी खात असावा, कारण महेशचा विषय निघाला की ते उठून जात.

मग लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले, बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. मॅनेजर व्हायला कोणाला सवड होईना, तेव्हा ती माळ आम्ही बापूरावांच्याच गळ्यात घातली. आता हा माणूस स्वतःला कधी काढतो, यावर पैजा लागल्या. तेवढ्यात तिवारीजींकडे तार आली. महेश बेपत्ता होता.

पाळ्यांमुळे लीगने त्या हंगामात एक सवलत दिली होती. कामात अडकलेल्या खेळाडूचं नाव आधी द्यायचं आणि त्याची जागा रिकामी ठेवून खेळायचं. तो आला की उतरवायचा. मध्यंतराला रेफरी विचारणार, "आया क्या?" नाही म्हटलं की नाव कटलं. अशा खेळाडूला आम्ही 'पाळीवाला' म्हणत असू.

तार आली त्या आठवड्याच्या सामन्यात बापूरावांनी पाळीवाला म्हणून महेशचं नाव सांगितलं. मी चाचरत म्हणालो, "बापूराव, तो तर..."

"मले माहीत आहे तो कुठं आहे ते," ते म्हणाले. "म्हणजे माहीत नाही. तू लिही."

आम्ही दहा जणांत खेळलो आणि हरलो. पुढच्या सामन्यातही तेच. मध्यंतराची शिटी झाली की बापूराव स्वतः लगबगीने मैदानाच्या मधोमध जात आणि रेफरीच्या कानाशी 'नाही' म्हणून येत. असं का, ते मला उशिरा समजलं. तिवारीजी आता दर सामन्याला येऊन फाटकाजवळ बसत होते. तो शब्द त्यांच्या कानावर पडू नये, एवढ्यासाठी ही धावपळ होती.

कमिटीत आरडाओरडा झाला. बापूराव शांतपणे म्हणाले, "बरोबर बोलून राहिले तुम्ही. असा मॅनेजर मी कवाच काढला असता. पण मी आहो तोवर नाव राहीन."

शेवटचा सामना हरलो तर संघ लीगमधून बाद होणार होता. अकरावा गडी बूट बांधून तयार बसला होता. तिवारीजी फाटकापासून चालत आले.

"बापूराव जी, आज किसी और को खिला लीजिए। टीम चली जाएगी।"

"मैनेजर मैं हूँ, तिवारीजी," असं म्हणत बापूराव उठले आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "आप बैठिए।"

मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले होते. शिटी वाजली. बापूराव नेहमीसारखे निघाले, पण रेफरीच चालत खुर्चीपाशी आला आणि त्याने सवयीने विचारलं, "आया क्या?"

बापूरावांनी खुर्चीकडे पाहिलं. तिवारीजी खाली मान घालून बसले होते. आयुष्यभर कोणाच्याही तोंडावर काहीही बोललेला तो माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"अभी छुट्टी नहीं हुई उसकी, साहब," बापूराव अखेर म्हणाले. "छूटेगा तो सीधा यहीं आएगा।"

रेफरीने दोघांकडे पाहिलं, पेन्सिल खिशात ठेवली आणि नाव न कापता तो मैदानाकडे वळला. आमची दहा पोरं त्याच्यामागून उतरली. डावी बाजू मोकळी होती.