पट्टी चार बोटांचीच

आमच्या फुटबॉल क्लबने यंदाच्या हंगामाचा नवा शर्ट विक्रीस काढला असून चाहत्यांनी त्याबाबतचे अभिप्राय पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावेत, अशी सूचना मैदानाच्या तिकीटखिडकीशेजारी लागली. ती सर्वप्रथम मी वाचली. हे अभिमानाने सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांच्या तराजूतला दोष शोधणे हा माझा चरितार्थ, आणि चाहता संघटनेचे चिटणीसपद हे माझे समाजकार्य.

आमच्या क्लबचा शर्ट निळा आहे आणि त्याच्या छातीवर एक आडवी पांढरी पट्टी आहे. ही पट्टी चार बोटं रुंद असते. क्लब निघाला त्या दिवसापासून ती चार बोटं आहे. आमच्या वडिलांनी मला आणि दादाला पहिल्यांदा मैदानावर नेलं, तेव्हा खेळाचे नियम सांगायच्या आधी त्यांनी ही पट्टी सांगितली होती.

नवा शर्ट घेऊन घरी आलो आणि अंगात घातला. घालायला थोडा वेळ लागला. आमच्या संघटनेच्या नियम तीननुसार खेळाडू ज्या मापाचा शर्ट घालतो त्याच मापाचा शर्ट चाहत्याने घ्यायचा असतो. त्याहून मोठा घेणाऱ्यास चाहता न समजता प्रेक्षक समजावे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नियम मीच लिहिला आहे, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. आता माझं वय अठ्ठेचाळीस. नियम तोच आहे. आमचा सेंटर फॉरवर्ड ज्या मापाचा शर्ट घालतो त्याच मापाचा मी घालतो, आणि त्याला सगळे 'सुतळी' म्हणतात.

बायकोने मागून दोन्ही हातांनी ओढून शर्ट खाली आणला. मी आरशासमोर उभा राहिलो, खात्याची शिक्क्याची मोजपट्टी काढली आणि छातीवर लावली. पट्टी जेमतेम पावणेतीन बोटं!

"क्लबने पट्टी कापली," मी म्हणालो. आवाज कापत होता. शर्टामुळे श्वासही पुरत नव्हता.

"अहो, आपला संघ तळातून दुसरा आहे. ते बघा की आधी."

"संघ येतो आणि जातो. पट्टी राहते."

"बरं. मग आता तो शर्ट काढायचा कसा, ते ठरवा," असं म्हणून ती आत गेली.

मी शर्ट न काढता थेट दादाकडे गेलो. दादा माझा थोरला भाऊ. तो शिंपी आहे, चौकात दुकान आहे, आणि गेली बावीस वर्षं मैदानावरच्या सातव्या रांगेत तो माझ्या डाव्या हाताला बसतो. गोल झाला की तो माझ्या पाठीत असा धपाटा घालतो की दोन दिवस पाठ टेकवत नाही. आमच्यात प्रेमाची दुसरी भाषा नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दादाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तो हसत सुटला.

"दादा, हसू नकोस. पट्टी बघ. पावणेतीन बोटं!"

"अरे बाळ्या, पट्टी चारच बोटं आहे. कापड आडवं ताणलं की उभं आखडतं. पट्टी कुणी कापली नाही. तुझं पोट सुटलंय."

"दादा, तू क्लबच्या बाजूने बोलतोयस."

"मी कापडाच्या बाजूने बोलतोय. काढ तो शर्ट. ठेव या टेबलावर. मोज, आणि सांग किती भरते ते."

गिऱ्हाइकं हसली. दोन अनोळखी माणसांसमोर शर्ट काढणं मला जमण्यासारखं नव्हतं, कारण तो एकट्याने निघतच नव्हता. मी म्हणालो, "नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमच्या शिंपीलोकांचं. कापड चुकलं की गिऱ्हाइकाचं अंग वाकडं!" हे बोलायला नको होतं. दादाचं हसू थांबलं. त्याने कात्री खाली ठेवली. पुढच्या सामन्याला माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. तो समोरच्या बाजूला, प्रेक्षकांत जाऊन बसला होता. अंगात दोन मापं मोठा शर्ट.

आता माघार नव्हती. संघटनेची तातडीची सभा भरली आणि चारशे बारा सभासदांच्या पट्ट्या मोजायचं ठरलं. अर्ज मीच तयार केला. रकाना सहा: मोजमापाच्या वेळी शर्ट अंगात होता काय? पुढे दोन चौकोन होते, 'होय' आणि 'अर्थात होय'.

निकाल भयानक होता. सरासरी अडीच बोटं. बेकरीवाल्या काकांची पट्टी तर दीड बोट निघाली. काका मोजपट्टीकडे बघून ढसाढसा रडले. एवढा अन्याय इतर कुणावरही झालेला नाही, असं सभेने एकमताने मान्य केलं आणि त्यांना मानाची खुर्ची दिली. ती त्यांना लहान पडली. अवघ्या एका सभासदाची पट्टी चार बोटं भरली. तो वाचनालयातला कारकून, फुंकर मारली तर उडेल असा. तो क्लबचा हस्तक असावा असा संशय आल्याने त्याची चौकशी लावण्यात आली.

अहवाल क्लबकडे गेला. क्लबचे व्यवस्थापक घाबरट गृहस्थ. त्यांनी 'चाहत्यांच्या भावना शिरोधार्य' असं पत्र पाठवलं आणि शर्ट परत शिवायला टाकला. मापाचा आधार कोणता धरायचा? अर्थात, ज्यांच्यावर सर्वांत जास्त अन्याय झाला ते बेकरीवाले काका. त्यांच्या अंगावर चार बोटं दिसावी म्हणून पट्टी अकरा बोटांची झाली. काकांनी नवा शर्ट घातला, मी मोजला, चार बोटं भरली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही डोळे पुसले.

पुढच्या रविवारी हाच शर्ट घालून संघ मैदानात उतरला. सुतळीच्या अंगावर पट्टी ताणायला काहीच नव्हतं. ती गळ्यापासून सुरू झाली आणि चड्डीत शिरली. निळा रंग खांद्यांवर तेवढा उरला. समोरचा संघ पांढऱ्या शर्टाचा. पहिल्या दहा मिनिटांत सुतळीने तीन उत्तम पास दिले, तिन्ही त्यांना. आमचा गोलरक्षक गोल वाचवायला धावला आणि त्याने आपल्याच बॅकला आडवा केला. शेवटी पंच खेळ थांबवून म्हणाले, "तुमच्यापैकी कोण कुणाचं, ते आधी आपसात ठरवून घ्या." आम्ही सहा गोलांनी हरलो.

त्या संध्याकाळच्या सभेत वातावरण गंभीर होतं. शर्टात दोष नव्हता. तो तर आम्ही मोजून घेतला होता. मग दोष उरला कुणात?

"खेळाडूंत," बेकरीवाले काका शांतपणे म्हणाले.

मग सगळ्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. शर्ट चाहत्यांना बसतो आणि खेळाडूंना बसत नाही, याचा अर्थ खेळाडू चाहत्यांपासून दूर गेले आहेत! ठराव मंजूर झाला: खेळाडूंनी सहा आठवड्यांत शर्टास अनुरूप देहयष्टी प्राप्त करावी. सकाळचा सराव बंद. दिवसाला बारा अंडी, उकडलेले बटाटे, लोणी, जेवण झाल्यावर तीन तास सक्तीची झोप. पाव काकांकडून.

प्रशिक्षक धावत आले. "अहो, हे पळणार कसे?"

"ते तांत्रिक अंग झालं," मी म्हणालो. "आम्ही भावनिक अंग बघतो."

"पण आपण खालच्या गटात जाऊ!"

"पट्टीसह जाऊ," मी म्हणालो. हे वाक्य नंतर संघटनेच्या फलकावर लावण्यात आलं.

सुतळी मन लावून जेवला. पोरगा मुळात कामसू. सहा आठवड्यांत त्याला कुणी सुतळी म्हणेना, दोरखंड म्हणू लागले. हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी मी मोजपट्टी घेऊन मैदानात उतरलो आणि ओळीने अकरा पट्ट्या मोजल्या. चार बोटं, चार बोटं, चार बोटं. अकराच्या अकरा! प्रत्येक आकड्याला आमच्या बाजूने आरोळी उठत होती. गोलरक्षकाचं माप झाल्यावर काही लोक नाचायला लागले.

मग सामनाही झाला. आम्ही चौदा गोलांनी हरलो आणि खालच्या गटात गेलो. उत्तरार्धात आमचे चार खेळाडू खाली बसूनच होते, पण पट्टी कुठे सुरकुतली नव्हती.

एक सांगायचं राहिलं. त्या सामन्यात आम्हीही एक गोल केला. चेंडू दोरखंडाच्या पोटावर आदळून आत गेला. सगळे उठले, मीही उठलो, आणि पाठ पुढे करून उभा राहिलो. बावीस वर्षांची सवय. धपाटा आला नाही. मी तसाच वाकून उभा होतो आणि मागचा माणूस म्हणाला, "काका, बसा ना, दिसत नाही." मला फार वाईट वाटलं. दादा हवा होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी पहिला शर्ट टेबलावर ठेवला, ज्यावरून हे सगळं झालं तो. दादाने हात फिरवून तो सपाट केला आणि माझ्याकडे बघून 'मोज' अशी हनुवटीने खूण केली. मी मोजपट्टी लावली.

चार बोटं. एक सूतही कमी नाही.

"वडिलांच्या शर्टाचं हेच माप होतं," दादा म्हणाला. "चहा सांगू?"

मी मान हलवली. चहा आला.

"बाळ्या, मला काही नको. नवा हंगाम सुरू होईल, तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हण, की पट्टी ठीक होती, माझं माप चुकलं. मी येऊन बसतो तुझ्याशेजारी. मलाही तिकडे करमत नाही रे. गोल झाल्यावर मारायचं कुणाला?"

"म्हणतो," मी म्हणालो. खरंच म्हणणार होतो. घरी आलो, कागद घेतला, संघटनेचा शिक्का काढला. डोळ्यांपुढे बेकरीवाले काका आले, मानाच्या खुर्चीत कसेबसे मावलेले. चारशे बारा अर्ज आले. फलकावरचं माझं वाक्य आलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत विचार केला आणि अखेर परिपत्रक लिहिलं. ते आजही तिकीटखिडकीशेजारी लावलेलं आहे: 'टेबलावर ठेवून घेतलेले शर्टाचे मोजमाप यापुढे ग्राह्य धरले जाणार नाही.'

दादाने ते वाचलं असं ऐकतो. तो आता समोरच्या बाजूलाही दिसत नाही.

तुम्ही हसताय. हसा. फक्त एक सांगा: तुमच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक पँट घडी करून ठेवलेली आहे. ती धुण्यात आटली, असं तुम्ही घरी सांगितलंय. सुती कापडाला, साबणाला आणि इस्त्रीवाल्याला बोल लावून झालाय. ती टेबलावर ठेवून तुम्ही अजून एकदाही मोजलेली नाही.

सभासदत्वाचे अर्ज माझ्याकडे मिळतात. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे.