सगुणा साळिंदरणीचा उपास

बाळांनो, एका जंगलात एक फार प्रेमळ सिंह राज्य करत होता. इतका प्रेमळ, की प्रजेपैकी कुणाचं तोंड रिकामं दिसलं की त्याच्या पोटात गोळा येई.

त्याच जंगलात सगुणा साळिंदरीण राहायची. तिच्या बिळाजवळून ओढा वाहायचा. एक दिवस सिंहाने वरच्या अंगाला बांध घातला आणि ओढा आटला. सगुणाची दोन पिल्लं पाण्यासाठी रोज कोसभर चालू लागली. त्यांचे सुजलेले पाय पाहून तिला रडू येई.

दर पौर्णिमेला राजाकडे पंगत असे. पंगतीत कुणीही राजाला प्रश्न विचारावा, अशी मुभा होती. नियम दोनच. तोंडात घास असताना बोलायचं नाही आणि आग्रहाला नाही म्हणायचं नाही.

सगुणा बोलायला तोंड उघडी, तोच वाढपी कोल्होबा जिलबी घेऊन हजर. "एवढी एक, महाराजांच्या नावाची." अशा पाच पौर्णिमा गेल्या. सगुणाला बाळसं आलं.

सहाव्या पौर्णिमेला तिने नामी शक्कल काढली. उपास धरला. उपासाला जिलबी कशी वाढणार? ती पिल्लांना घेऊन ऐटीत पानावर बसली.

कोल्होबाने मुकाट्याने साबुदाण्याची खिचडी वाढली. मागून रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी. उपासकरी म्हणून आग्रहही जास्तच. सगुणाने डोळे मिटून सगळं गिळलं आणि धापा टाकत विचारलंच, "महाराज, आमच्या ओढ्याचं पाणी जातं कुठे?"

सिंह प्रसन्न हसला.

"मुदपाकखान्यात, बाई. पाक करायला, साबुदाणा भिजवायला. सांगाल तर बांध आत्ता फोडतो. मग पंगत बंद. बोला, काय करू?"

सगळे सगुणाकडे बघू लागले. अस्वलाने तर हात जोडले. तेवढ्यात कोल्होबाने आणखी एक डाव खिचडी वाढली. सगुणाने पिल्लांकडे पाहिलं. मग पानाकडे पाहिलं. खिचडी मऊ होती, मोकळी होती, तुपाचा वास सुटला होता. तिला स्वतःची फार लाज वाटली.

लाजत लाजतच ती म्हणाली, "यावर थोडं दही मिळेल का?"

केवढ्या टाळ्या पडल्या म्हणता! घरी जाताना पिल्लांना मात्र खूप तहान लागली. ती दोघं निमूटपणे पाण्यासाठी कोसभर चालली.

तात्पर्य: राजाला प्रश्न विचारायचा असेल, तर आधी पोटभर जेवून घ्यावे. मग विचारण्यासारखे काही उरत नाही.