तिसगावचे फक्कीयुद्ध आणि कलाबाईंची बैठक

श्रीओळंबा प्रसन्न. कागद लिहिणार वाल्मिक, आर्किटेक्चर कॉलेजासमोरील छपाईखान्याचा खासा हवालदार, मुक्काम अहिल्यानगर, ज्यास रयत अद्यापि नगर म्हणते. कारण लिहिण्याचे ऐसे की, चालू साली तिसगावच्या मैदानी जी लढाई जाहली तिजविषयी लोक भलतेच बोलू लागले, कोणी म्हणे मुलगी रडोन परत आली, कोणी म्हणे लॅपटॉप फुटला, सबब खरे ते लिहोन ठेवणे प्राप्त जाहले. मुलांचे सर्व नकाशे आमच्याच यंत्रातून निघतात, त्यामुळे कोणाचे डोके किती चालले हे आम्हांइतके कोणास ठाऊक नाही.

पूर्वी या कॉलेजात पेन्सिलशाही होती. मुले पाटावर वाकोन रेघ ओढीत, रेघ चुके, खोडरबर चाले, आणि एक जिना काढावयास अख्खी दुपार जाई, मग दुपारभर मूल मनातल्या मनात तो जिना चढे आणि उतरे. त्याउपर हजरत संगणक बादशहा, आयतेखान, कॉपीपेस्टजंग, यांची स्वारी आली आणि पाट, टी-स्क्वेअर अवघे माळ्यावर गेले. बादशहांचा दिमाख मोठा, हे कबूल. एक कळ दाबली की जिना उभा, दुसरी दाबली की छप्पर, तिसरी दाबली की इमारत गरगर फिरोन चारी अंगे दाखवी. परंतु जिना आयता आला म्हणोन तो चढणार कोण, हे पुसणे राहोन गेले. एके साली आम्ही चाळीस नकाशे छापिले, त्यांत दवाखाना होता, शाळा होती, देऊळही होते, आणि चाळिसांतही तेच ताडाचे झाड आणि तीच कोटवाली बाई हाती कॉफी घेऊन चालली होती. शाई आमची जाते, जीवही आमचाच तुटतो.

ऐशा समयी तिसगावच्या भाजीवाल्या कलाबाई यांची कन्या, कॉलेजाच्या पाचव्या वर्षास शिकणारी दिशाबाई, माऊसधुरंधर, रेखाबहाद्दर, हिने परीक्षेस्तव आपल्या गावचा आठवडे बाजार नव्याने बांधण्याचा नकाशा केला. पत्रे कमानदार, ओटे कमरेइतके, वाट सुबक, ताड आहेतच, कोटवालीही आहेच. तो पाहोन प्राध्यापक पंकजसाहेब, दाम नाराजगी, यांणी हुकूम केला की, ज्याकरितां बांधणे त्याची सही नकाशावर आणावी, सही नसेल त्यास सोमवारी परीक्षकांपुढे उभे करणार नाही, मग साल बुडाले तर कॉलेजाकडे बोट दाखवू नये. या मुलीचे शिक्षण आईच्या भाजीच्या पाटीवर चालले होते, साल बुडते तर आईस आणखी एक वर्ष उन्हात बसणे होते. तरी दिशाबाई हासली. बाजारात बसणारी खुद्द आई, मग सहीस कितीसा वेळ?

शुक्रवारी लॅपटॉप पाठीशी आणि नकाशाची नळी काखेत ऐसा सरंजाम बांधोन ती एस.टी.त चढली आणि करंजीचा घाट ओलांडोन तिसगावी दाखल जाहली. कलाबाईंनी पडद्यावर फिरणारा बाजार पाहिला आणि हरखोन गेल्या. एवढेच पुसिले की, "ही कोटवाली कुनाची गं? तिला उकडत न्हाई व्हय?" आणि सहीस पेन हाती घेतले. इतक्यात मामा रंभाजीराव, चाळीस साल गवंडीकाम केलेले, थापीबहाद्दर, यांणी पेन काढोन घेतले. या मुलखी रिवाज ऐसा की, पाया खणण्याआधी जमिनीवर पांढरी फक्की टाकोन घर पुरते आखावे, आणि घरच्या बाईने त्या रेघांतून फिरोन चूल कोठे, दार कोठे, हे पाहावे, मगच कुदळ पडावी. मामांनी जाहीर केले, "कागुद मला कळत न्हाई. आदी फक्की टाक, बहिनीला आत बसू दे, मंग सही."

दुसरे दिवशी सकाळी बाजारतळ रिकामा होता. रंभाजीरावांनी खुंट्या मारल्या, दोरी ताणली, फक्कीची पाटी कमरेस धरिली, आणि दिशाबाई पडद्यावरोन मापे सांगे तैसा बादशाही बाजार भुईवर उतरविला. ओट्यांच्या जागी विटा रचिल्या. मग कलाबाई मेथीची पाटी घेऊन आपल्या गाळ्यात शिरल्या आणि ओट्यापुढे उभ्या राहिल्या. वीस वर्षे ज्या बाईने मांडी घालोन, तराजू पुढे, पाण्याचे फडके उजवीकडे, ऐसा कारभार केला, ती किती वेळ उभी राहणार? घटकाभरात गुडघे बोलू लागले. मग ओट्याआड खाली बसल्या, तो दिसेनाशा जाहल्या. मग वाटेवर येऊन बसल्या, पुढ्यात शेजारीण पुष्पावतीबाई गिऱ्हाईक होऊन उकिडव्या बसल्या, कारण या मुलखी मेथी उभ्याने कोणी निवडत नाही, आणि चार फुटांची वाट ठार बंद जाहली.

फक्कीच्या मधोमध बसोन कलाबाई लेकीस म्हणाल्या, "दिशे, लई झ्याक केलंस. पर मी बसू कुठं?"

यात राग नव्हता, तेणेच घात केला. आईच्या पाटीवर शिकोन आईलाच बसावयास जागा ठेविली नाही, या लाजेने दिशाबाई रडली हे खरे, लपविण्यात हशील नाही. मग डोळे पुसोन तिने लॅपटॉप उघडला आणि बादशहांच्या पदरची, नकाशात घालावयाची तयार माणसे तपासली. तीनशे निघाली. चालणारी, पळणारी, सायकलवाली, कुत्रेवाली, छत्रीवाली, परंतु भुईवर बसलेले एकही नाही. बादशहांचे राज्यात कोणी बसतच नव्हते, मग जागा ठेवणार कोणासाठी?

तेव्हां दिशाबाईने टेप काढली, पेन्सिल काढली, आणि मातोश्रींस मांडी घालावयास लावोन मोजले. गुडघ्यापासोन गुडघा मोजला, हात कोठवर पोहोचतो ते मोजले, पाटी मोजली, आणि उकिडव्या पुष्पावतीबाई टाचेपासोन नाकापर्यंत मोजल्या. ते चित्र हाताने काढोन संगणकात घातले आणि नाव दिले कलाबाई. मग मात्र बादशहा वठणीवर आले. एक कलाबाई दिली तो साठ कलाबाई रांगेत बसविल्या, ओटे वीतभर उंचीचे केले, वाट दुप्पट केली, आणि वैशाखातले दुपारचे ऊन कोणत्या ओट्यावर येऊन मेथी माना टाकील हेही क्षणात दाखविले. रंभाजीरावांनी तोंडात बोट घातले आणि "ह्ये बेणं कामाचं हाय की," ऐसा शेरा मारिला.

रविवारी पुन्हा फक्की पडली. कलाबाई बसल्या, पुष्पावतीबाई उकिडव्या बसल्या, समोरासमोर दुसरी जोडी बसली, आणि मधून मामा हातगाडी ढकलीत न अडखळता पार गेले. कलाबाईंनी तेथेच बसोन सही केली. हात फक्कीने माखलेले, सबब सहीशेजारी कागदावर चार बोटे पांढरी उमटली.

सोमवारी बाहेरून आलेले परीक्षक, देहाने भारी, त्या बोटांकडे पाहोन कपाळास आठ्या घालते जाहले आणि हा मळका कागद कोणाचा ऐसे पुसते जाहले. दिशाबाई म्हणाली, "आईची बोटं आहेत, सर. तिनं आत बसून बघितलंय." परीक्षक मग चष्मा सावरोन खुद्द खाली उकिडवे बसले, वाट मनाशी मोजली, आणि पंकजसाहेबांचा हात धरोन मोठ्या कष्टाने उठले. दिशाबाईची फत्ते जाहली, साल वाचले.

तेव्हांपासोन ते बसलेल्या कलाबाईंचे चित्र कॉलेजात ज्याने त्याने मागोन नेले. काल आम्ही विमानतळाचा नकाशा छापिला, त्यात काचेच्या दाराशी, सामानाच्या पट्ट्यालगत, कलाबाई मेथी मांडोन बसल्या होत्या. ज्याने काढिला त्यास पुसिले, तो म्हणाला, घातली आणि मग कळले की इतक्या मोठ्या जागेत म्हाताऱ्या माणसाने टेकायचे कोठे हे ठरलेच नव्हते. म्हणोन छपाईखान्याचा हुकूम लिहोन ठेविला आहे की, नकाशा कोणाचाही असो, कलाबाई जेथे बसतील तेथून त्यांस कोणी उठवू नये.