वायर काढून लिहिलेले मेल

"बॅकअप म्हणजे काय, ह्या पोत्यातलं सोयाबीन त्या पोत्यात ओतणं!" असं जाहीर करून रिसोडचे अडते गुलाबचंद कम्प्युटरसमोर बसले.

दुकानातला हा कम्प्युटर आता म्हातारा झाला होता. आतून खडखड आवाज यायचा. त्यात त्यांच्या लेकीचे, नीलमचे, सगळे जुने मेल होते. न्यूझीलंडला गेल्यावर ती लांबलचक लिहायची, फोटो पाठवायची. मग मोबाइल आला आणि मेल आटले. आता मोबाइलवरही नुसता अंगठा! मशीन बसलं तर ती भरभरून बोलणारी नीलमच जाणार, म्हणून गुलाबचंदांचा जीव टांगणीला लागला होता.

पेनड्राइव्ह लावला. "फाइल फार मोठी आहे," मशीननं सांगितलं. दुप्पट मोठा आणून लावला. पुन्हा तेच! शेवटी मालेगावच्या सतीशला फोन केला. कम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"पेनड्राइव्ह केवढाही आणा, एवढी मोठी एकच फाइल त्याच्यावर नाही बसत, काका. नेटची वायर लावा अन् नेटवर चढवा."

धंदा मोबाइलवर आल्यापासून ती वायर काढूनच ठेवलेली होती. गुलाबचंदांना ते सोयीचंही होतं. आठवण फार दाटून आली की ते लेकीला मेल लिहायचे आणि 'पाठवा'चं बटन दाबायचे. बटन दाबल्याशिवाय मन मोकळं व्हायचं नाही, आणि वायर नसल्यानं मेल जायचा नाही! फोनवर मात्र ठरलेलं वाक्य, "आमी मजेत आहो. येण्याची घाई नको करू."

त्यांनी वायर लावली. मेलचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पाठवत आहे.' एक गेला. दुसरा गेला. गुलाबचंद टेबलाखाली घुसले. वर्षानुवर्षं आउटबॉक्समध्ये साचलेले मेल न्यूझीलंडच्या वाटेला लागले होते!

"अहो, टेबलाखाली काय करून राह्यले?" डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी पानाबाई ओरडल्या.

"वायर! वायर!" म्हणत त्यांनी हाताला लागली ती उपटली. बाहेर वजनकाटा बंद पडला.

"शेटजी, माह्या सोयाबीनचं वजन कुठी गेलं?" मेडशीचा शेतकरी भाऊसिंग काट्यापाशी उभा राहून बोंबलला.

"दम धर!" दुसरी उपटली, तर पंखा थांबला. तिसरी, नेटची, हाती येईपर्यंत आउटबॉक्स रिकामा झाला होता. ती त्यांनी तशीच सोडून दिली.

"असं काय लिहेल होतं त्याच्यात?" पानाबाई पडद्यापाशी आल्या आणि गेलेले मेल वाचू लागल्या. 'आज तुह्या आईनं दालबाटी केली. सवयीनं तुहं ताट मांडलं. मी तिच्यावर रागावलो, मंग दुकानात येऊन रडलो.' त्याखाली, 'जावईबापू सोन्यासारखे आहेत, पण त्याहिले वाशीमले नोकरी काहून नाही भेटत?'

पानाबाई खाली बसल्या. "अन् मले म्हणे, डोळ्यात कचरा गेला!"

इतक्यात मोबाइल वाजला. नीलम! पलीकडून हुंदके ऐकू आले.

"पप्पा, काहून नाही सांगतलं कधी?"

"ते... वायर निघेल होती, बेटा."

"मी दिवाळीले येतो. बॅकअप मीच घेतो. तुमी कम्प्युटरले हात नका लावू!"

"घाई नको करू," जिभेला वळणच तसं पडलेलं! पानाबाईंनी त्यांच्या हातून मोबाइल हिसकावला, "ये बाई, येच तू!"

भाऊसिंगच्या सोयाबीनचं वजन पुन्हा झालं. तो गेला, पानाबाई गेल्या, दुकान रिकामं झालं. दिवाळी येणार होती, पण अजून पेरण्यासुद्धा व्हायच्या होत्या. गुलाबचंदांना राहवेना. त्यांनी टाइप केलं, 'बेटा, दिवाळी लय दूर आहे. माह्याच्यानं थांबणं होत नाही.' सवयीनं बटन दाबलं. मन कसं हलकं झालं!

मग त्यांची नजर टेबलाखाली गेली. वायर तशीच लावलेली होती.